धूम्रपानत्याग आणि वजनवाढ : भीती, वस्तुस्थिती व उपाय

धूम्रपानाचे दुष्परिणाम ठाऊक नाहीत असा धूम्रपान करणारा मनुष्य आज शोधूनही सापडणार नाही. पाकिटावरचे भयावह चित्र तो रोज पाहतो, घरच्यांची बोलणी ऐकतो, आणि पायऱ्या चढताना लागणारी धाप त्याची त्यालाच जाणवत असते. तरीही सवय सुटत नाही. निकोटीनचे व्यसन हे त्याचे मुख्य कारण होय; परंतु थोडे खोलात जाऊन विचारपूस केली, की आणखी एक कारण हळूच बाहेर येते. ‘सिगारेट सुटली की पोट सुटते’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेक डॉक्टरांनी रुग्णांच्या तोंडून या ना त्या रूपात ऐकलेले असते. कोणी मित्राचे उदाहरण देतो, कोणी मेहुण्याचे. कोणी तर स्वतःच एकदा सिगारेट सोडून पाहिलेली असते, पँटचा कंबरपट्टा दोन बोटे घट्ट होताच पुन्हा पेटवलेली असते.

या भीतीला वैद्यकीय व्यवसायातून सहसा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काही जण ती हसण्यावारी नेतात : ‘‘कर्करोगापुढे चार किलोचे काय घेऊन बसलात?’’ काही जण नकळत तिला दुजोरा देतात : ‘‘शुगर बॉर्डरवर आहे, आधी वजन उतरवा, सिगारेटचे मग पाहू.’’ पहिल्या उत्तराने रुग्ण गप्प बसतो, पण त्याचे समाधान होत नाही; दुसऱ्याने त्याला मुदतवाढ मिळते. दोन्हींचा शेवट एकच : सिगारेट चालू राहते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच, की ही भीती निराधार नाही हे मान्य करावे, तिचे खरे माप वाचकांपुढे ठेवावे, आणि धूम्रपान सोडण्याच्या पहिल्या दिवसापासून वजनाचीही तजवीज कशी करता येते ते सांगावे.

वजन नेमके किती वाढते?

या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात मिळते. कोणतेही औषध न घेता धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन सरासरीने पहिल्या महिन्यात सुमारे १.१ किलो, दोन महिन्यांअखेर २.३ किलो, तीन महिन्यांअखेर २.९ किलो, सहा महिन्यांअखेर ४.२ किलो आणि वर्षाअखेर ४.७ किलो वाढलेले आढळले. या आकड्यांवर नजर टाकली की एक गोष्ट लक्षात येते. वाढीचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पडतो. पुढे तिचा वेग मंदावतो. म्हणजेच खबरदारीचा काळ आयुष्यभराचा नसून मुख्यतः त्या पहिल्या तिमाहीचा आहे.

याहूनही बोलका भाग सरासरीच्या पलीकडचा आहे. वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांचे वजन वाढले तर नाहीच, उलट घटले. ३७ टक्के लोकांचे वजन वाढले, पण पाच किलोंच्या आत. ३४ टक्के लोकांचे पाच ते दहा किलो वाढले, आणि सुमारे १३ टक्क्यांचे दहा किलोंहून अधिक. मित्राचे वा मेहुण्याचे जे उदाहरण आपल्या कानांवर येते ते बहुधा या शेवटच्या गटातले असते. कारण ज्याचे वजन दोन किलो वाढले त्याची चर्चा लग्नकार्यात कोणी करत नाही.

वाढते ते कशामुळे?

निकोटीन शरीरात तीन ठिकाणी काम करते. पहिले म्हणजे ते शरीराचा ऊर्जाव्यय वाढवते. १९८६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दिवसाला २४ सिगारेटी ओढताना धूम्रपान करणाऱ्यांचा चोवीस तासांचा ऊर्जाव्यय न ओढतानाच्या तुलनेत सुमारे दहा टक्क्यांनी, म्हणजे अंदाजे २०० किलोकॅलरींनी जास्त भरला. दुसरे, ते मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील क्षुधा शमवणाऱ्या ‘पीओएमसी’ चेतापेशींना उद्दीपित करते. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांवरील संशोधनातून ही यंत्रणा स्पष्ट झाली. तिसरे, ते मेंदूला एक प्रकारचे बक्षीस देत असते. ते बक्षीस बंद झाले की मेंदू त्याची भरपाई गोड आणि तळलेल्या पदार्थांतून मागू लागतो. त्यातच जिभेची चव आणि नाकाचा वास परत येतो, आणि घरचे साधे वरणही रुचकर लागू लागते.

याखेरीज एक बारकावा आहे, ज्याकडे क्वचितच लक्ष जाते. नियमित धूम्रपान करणाऱ्याच्या दृष्टीने जेवणानंतरची सिगारेट ही ‘जेवण संपले’ अशी खूण असते. ती खूण नाहीशी झाली की हात पुन्हा वाढपाच्या भांड्याकडे जातो, नाहीतर काहीतरी गोड शोधतो.

थोडक्यात, धूम्रपान करणारा मनुष्य आपल्या मूळ प्रकृतीपेक्षा काही किलोंनी हलका असतो तो निकोटीनच्या जोरावर. हा बारीकपणा उसना असतो. सिगारेट सोडल्यावर जे वाढते ते बहुतांशी न ओढणाऱ्यांच्या वजनाकडे परतणे होय. शिवाय तो उसना बारीकपणाही फसवा आहे. धूम्रपान करणाऱ्यांत एकूण वजन कमी असले तरी चरबी कमरेभोवती साचण्याची प्रवृत्ती अधिक आढळते, आणि इन्शुलिनचा परिणामही क्षीण होतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालानुसार धूम्रपान करणाऱ्यांना टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका न करणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असतो. ‘सिगारेटमुळे मी सडपातळ आहे’ असे म्हणणाऱ्याने म्हणूनच वजनकाट्यासोबत टेपही वापरून पाहावी.

सडपातळपणा आणि सिगारेट यांची सांगड आपोआप लोकांच्या मनात बसलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’ सिगारेटच्या जाहिराती स्त्रियांना मिठाईऐवजी सिगारेट उचलण्याचा सल्ला उघडपणे देत होत्या. १९६८ मध्ये तर नावातच सडपातळपणा मिरवणारी ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ ही सिगारेट खास स्त्रियांसाठी बाजारात आली. आज महाविद्यालयीन मुली ‘वजन आटोक्यात राहते’ म्हणून सिगारेटकडे वळत असतील, तर त्या जाहिरातींचेच बीज त्यामागे आहे हे पालकांनी ओळखावे.

तराजूची दोन पारडी

एका पारड्यात चार-पाच किलो ठेवले, तर दुसऱ्यात काय ठेवायचे? याचे उत्तर डॉक्टरांनीच डॉक्टरांवरून शोधलेले आहे. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयींची नोंद घेऊन त्यांचा मागोवा सुरू केला. पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सतत धूम्रपान करणारे डॉक्टर न करणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मरण पावले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला त्यांपैकी सुमारे तीन वर्षे परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला जवळजवळ सगळी.

हे विलायतेचे झाले, आपल्याकडचे काय, असे कोणी विचारील. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी भारतभरातील कुटुंबांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार सिगारेट ओढणाऱ्या भारतीय पुरुषाचे सरासरी दहा वर्षांचे, बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे सहा वर्षांचे, तर बिडी ओढणाऱ्या स्त्रीचे आठ वर्षांचे आयुष्य घटते. बिडी सौम्य असते, या माळव्यात सर्रास ऐकू येणाऱ्या समजुतीला यात आधार नाही.

आता खरा प्रश्न : वाढलेल्या वजनाने सोडण्याचा लाभ खाऊन टाकला तर? या शंकेचेही निरसन झालेले आहे. फ्रॅमिंगहॅम येथील कुटुंबांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २०१३ मध्ये असे दिसले, की मधुमेह नसलेल्या व्यक्तींनी धूम्रपान सोडल्यावर हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका ओढत राहणाऱ्यांच्या जवळजवळ निम्म्यावर आला, आणि वजनवाढ हिशेबात धरूनही हा लाभ तसाच राहिला. २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाने चित्र आणखी स्पष्ट केले. सोडल्यानंतरच्या दोन ते सहा वर्षांत टाइप-२ मधुमेहाचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक दिसला. तो पाच ते सात वर्षांच्या सुमारास शिखरावर पोचून पुढे उतरत गेला. ही वाढ वजनवाढीच्या प्रमाणात होती. ज्यांचे वजन वाढले नाही त्यांच्यात ती आढळली नाही. मृत्यूचा धोका मात्र, वजन कितीही वाढलेले असो, सोडणाऱ्यांमध्ये कमीच राहिला.

या दोन अभ्यासांतून निघणारा निष्कर्ष असा : वजन वाढेल म्हणून धूम्रपान चालू ठेवणे हा सर्वस्वी तोट्याचा सौदा आहे, परंतु मधुमेहाची कौटुंबिक पार्श्वभूमी असलेल्या आपल्या समाजात वजनाकडे दुर्लक्ष करणेही परवडणारे नाही. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी सुचवलेल्या मापांनुसार बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. आपल्याकडे चार किलोंचे मोल पाश्चात्त्यांपेक्षा थोडे अधिक आहे.

आधी काय, मग काय?

सिगारेट आणि ताट, दोन्ही आघाड्या एकदम उघडाव्यात काय? कडक पथ्य आणि धूम्रपानत्याग एकाच दिवशी सुरू करणे शहाणपणाचे नाही. उपाशी मेंदूला निकोटीनची ओढ अधिक तीव्रतेने लागते, आणि जुन्या काही प्रयोगांत दोन्ही एकत्र लादल्यावर सिगारेट सोडण्याचे यशच घटलेले दिसले. तथापि पुढील एकत्रित परीक्षणांतून असे दिसते, की सौम्य, व्यक्तीला पेलवणारे वजननियंत्रण सोबत ठेवल्यास यशाला बाधा येत नाही. म्हणून क्रम असा धरावा : पहिले तीन महिने ध्येय सिगारेट शून्यावर ठेवण्याचे, वजन उतरवण्याचे नव्हे, तर फार चढू न देण्याचे. उतरवण्याचा विचार चौथ्या महिन्यापासून.

आणि हे ‘चढू न देणे’ वाटते तितके कठीण नाही. हिशेब २०० किलोकॅलरींचा आहे. दररोज २०० जादा धरले तर महिन्याला ६,०००. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या आसपास, आणि वाढलेली भूक मिळवली की वर दिलेल्या सरासरीच्या जवळपास आपण येतो. हे २०० कोठून वजा करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

चहाचा दुहेरी हिशेब

पहिली वजाबाकी चहात करावी, आणि तिला एक शास्त्रीय कारणही आहे. तंबाखूच्या धुरातील डांबरी घटक यकृतातील ‘सीवायपी १ए२’ या विकराला चेतवतात, आणि हेच विकर कॅफिनचा निचरा करते. धूम्रपान थांबले की काही दिवसांतच हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तातील कॅफिनची पातळी जवळजवळ दुप्पट होऊ शकते. छातीत धडधड, हाताला कंप, चिडचिड, रात्री झोप न लागणे ही लक्षणे रुग्णाला ‘सिगारेट सोडल्यामुळे’ वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील काही वाटा चहाचा असतो. आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूकही वाढते.

तेव्हा सोडण्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करावी. दोन चमचे साखर घातलेला दुधाचा एक कप ८० ते १०० किलोकॅलरींचा असतो. दिवसाचे चारांचे दोन कप झाले की २०० पैकी बहुतेक रक्कम तेथेच वसूल होते. शिवाय चहाच्या टपरीवरची सिगारेट ही अनेकांची सर्वांत जुनी जोडी. एक फेरी कमी झाली की एक मोहही कमी होतो. हाच न्याय मद्याला लावावा. त्यात उष्मांक भरपूर, आणि एका पेल्यानंतर निश्चय ढिला पडतो तो वेगळाच.

इंदुरी ताट आणि शेवेची वाटी

आपले शहर खवय्यांचे. सकाळचे पोहे-जिलबी, दुपारची कचोरी, थंडीतला गराडू आणि रात्रीचा सराफा यांवर बंदी घालणारा लेख येथे कोणी वाचणार नाही, आणि तशी बंदी आवश्यकही नाही. लक्ष द्यायचे ते शेवेकडे. पोह्यांवर शेव, भाजीत शेव, वरण-भातावर शेव आणि गप्पा मारताना पुन्हा शेव, अशी आपली रीत. चाळीस ग्रॅम शेव म्हणजे सुमारे २०० किलोकॅलरी. दिवसभरात एवढी शेव पोटात गेल्याचे ध्यानातही येत नाही. डबा टेबलावरून उचलून कपाटात ठेवला, तरी पुष्कळ काम होते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी हलकी असते हाही गोड गैरसमज होय.

सिगारेटची तल्लफ येते ती बहुधा काही मिनिटांपुरती. तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम हवे असते. त्यासाठी साखर न लावलेली बडीशेप, लवंग, वेलची, दालचिनीचा तुकडा, काकडी-गाजराच्या फोडी, पेरू, मूठभर भाजलेले चणे, पावसाळ्यात भाजलेले कणीस किंवा पेलाभर ताक जवळ ठेवावे. सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बद्धकोष्ठता होण्याचा संभव असतो. फळे, कोशिंबीर आणि पाणी यांनी तीही आटोक्यात राहते. जेवणाच्या वेळा मात्र चुकवू नयेत.

एक सावधगिरी महत्त्वाची. तोंडाला चाळा म्हणून सुपारी, गुटखा किंवा तंबाखू मळणे हा उपाय नव्हे; तो आगीतून फुफाट्यात जाण्याचा मार्ग आहे. सुपारीने तोंड उघडणे अवघड करणारा ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ होतो आणि मुखकर्करोगाला वाट मिळते. गुटख्यावर बंदी घालणारे मध्य प्रदेश हे २०१२ मध्ये देशातील पहिले राज्य ठरले, हे येथे आठवावे. इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे. तिचाही विचार करू नये.

शतपावलीचे पुनरुज्जीवन

जेवणानंतरची ‘समाप्तीची खूण’ गेली, तर तिच्या जागी दुसरी खूण बसवली पाहिजे. आपल्या पूर्वजांनी ती सांगून ठेवलेलीच आहे. हात धुवावे, चूळ भरावी किंवा दात घासावे, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकावी आणि शतपावलीस निघावे. सिगारेटला जेवढा वेळ लागत असे तेवढाच हिलाही लागतो. थोड्याशा चालण्यानेही तल्लफ तात्पुरती ओसरते, असे प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे.

शतपावलीखेरीज रोज पाऊण ते एक तास भरभर चालावे. सत्तर किलोच्या माणसाला त्यात सुमारे २०० किलोकॅलरी खर्ची पडतात. नेहरू पार्क असो, मेघदूत उपवन असो की आपल्या कॉलनीचा रस्ता असो, वेळ ठरलेली असावी आणि शक्य तर सोबत कोणी असावे. वजनवाढ रोखण्याच्या उपायांच्या परीक्षणात व्यायामाचे एक वैशिष्ट्य दिसते : त्याचा परिणाम पहिल्या काही आठवड्यांत फारसा जाणवत नाही, पण वर्षाअखेर व्यायाम करणाऱ्यांचे वजन तुलनेने कमी आढळते. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून कोणी चालणे सोडू नये. हृदयविकार किंवा तीव्र दमा असणाऱ्यांनी अर्थातच आपल्या डॉक्टरांना विचारून आरंभ करावा.

औषधांची जोड

केवळ निर्धाराच्या बळावर सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण वर्षाच्या आत पुन्हा ओढू लागतात. औषधाची मदत घेणे हा कमकुवतपणा नव्हे. निकोटीनचे च्युइंगगम किंवा चकती वापरत असेपर्यंत वजनवाढ काहीशी कमी राहते आणि पुढे ढकलली जाते; त्यामुळे सिगारेटची लढाई आधी जिंकून वजनाची नंतर लढण्यास उसंत मिळते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्यास ४ मिलिग्रॅमचे, इतरांस २ मिलिग्रॅमचे गम पुरते. ते सतत चघळायचे नसते. झिणझिण्या येताच गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचे, आणि त्याआधी पंधरा मिनिटे कॉफी, सरबत वा शीतपेय घ्यायचे नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषले जात नाही.

ब्युप्रोपिऑनने उपचार चालू असताना वजनवाढ सुमारे एका किलोने कमी राहते. मात्र फिट येणाऱ्यांना आणि खाण्यासंबंधीचे मानसिक विकार असणाऱ्यांना ते देऊ नये. व्हॅरेनिक्लिन हे प्रभावी औषध साधारणतः बारा आठवडे दिले जाते. त्याच्या मानसिक दुष्परिणामांविषयीची शंका २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने बरीचशी दूर केली. या दोन्ही औषधांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांविषयी रुग्ण अलीकडे विचारतात. स्वित्झर्लंडमध्ये डुलाग्लुटाइडची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. उपचाराच्या बारा आठवड्यांत वजन वाढले नाही. परंतु सिगारेट सुटण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले नाही. केवळ धूम्रपानत्यागासाठी ही इंजेक्शने घेण्यास तूर्त आधार नाही.

व्यवसायबंधूंसाठी दोन शब्द

रुग्णाने धूम्रपान सोडल्याचे सांगितले, की त्याच्या इतर औषधांची यादी पुन्हा पाहावी. वर उल्लेखिलेल्या विकराचा वेग मंदावल्याने थिओफिलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन यांची रक्तातील पातळी वाढते. मात्रा कमी करावी लागू शकते. निकोटीनचे गम चालू असले तरी हे घडते, कारण विकराला चेतवणारा धूर असतो, निकोटीन नव्हे. वॉर्फरिन घेणाऱ्याची आयएनआर तपासणी करावी. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींच्या साखरेवर सुरुवातीस बारकाईने लक्ष ठेवावे, आणि ज्यांचे वजन पाच किलोंहून अधिक वाढले त्यांची साखर पुढील काही वर्षे दरवर्षी न चुकता तपासावी.

आकडा सांगण्याची भीती बाळगू नये. ‘‘काका, तीन महिन्यांत दोन-तीन किलो वाढतील, ते आपण धरूनच चालू, पुढचे वाढू नयेत याची तजवीज आजच करू,’’ असे आधीच सांगितलेला रुग्ण काटा पाहून खचत नाही. ज्याला काहीच सांगितलेले नसते, तो मात्र तिसऱ्या किलोला सिगारेटकडे परततो.

तीन महिन्यांचा आराखडा

*सोडण्याच्या आधीचे दोन आठवडे :* तारीख ठरवावी. दिवाळीच्या फराळाचा किंवा घरच्या लग्नाचा आठवडा टाळावा. चातुर्मासात काहीतरी सोडण्याचा नेम करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ज्यांना ती प्रिय आहे त्यांनी या वर्षी नेम सिगारेटचा धरावा. वजनवाढीचे पहिले तीन महिने त्या चार महिन्यांत सहज बसतात. वजन आणि कमरेचा घेर मोजून लिहून ठेवावा. चालणे याच काळात सुरू करावे, म्हणजे सोडण्याच्या दिवशी तेवढे तरी अंगवळणी पडलेले असते.

*पहिले चार आठवडे :* सिगारेट शून्य, चहा निम्मा. पहिला आठवडा सर्वांत कठीण, पुढे लक्षणे उतरत जातात. भूक मात्र अधिक काळ टिकते, हे ध्यानात असावे. घरच्या मंडळींनी ‘सोडलीस ना, मग खा पोटभर’ असा लाड करू नये, आणि चिडचिडीवर टोमणाही मारू नये.

*दुसरा व तिसरा महिना :* आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी वजन करावे. तीन किलोंपर्यंतची वाढ अपेक्षित समजावी. तीहून अधिक दिसल्यास शेव, साखर आणि चालणे या तीन नोंदी तपासाव्यात, सिगारेटचा विचार करू नये. एखादी सिगारेट चुकून ओढली गेली, तर ‘आता गेलेच सगळे’ असे न म्हणता त्याच दिवसापासून पुन्हा शून्य धरावे.

*चौथ्या महिन्यापासून :* वजन उतरवण्याचा खरा प्रयत्न आता सुरू करावा. एव्हाना दम टिकू लागलेला असतो, आणि जे चालणे पूर्वी धाप लावत असे तेच सुखाचे वाटते.

घरच्या घरी जमत नसेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीसेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले. त्यांतील कितीतरी जण आपल्याच दवाखान्यांत खोकला, ॲसिडिटी किंवा रक्तदाबासाठी येऊन बसतात. प्रत्येकाच्या केसपेपरवर वजन, कमरेचा घेर आणि धूम्रपान सोडण्याची तारीख या तीन नोंदी एकाच ओळीत लिहिण्याची सवय आपण लावून घेतली, तर वजनाच्या भीतीने होणारी चालढकल पुष्कळ अंशी थांबेल. आणि वाचकांपैकी जे स्वतः डॉक्टर असून अजून ओढत असतील, त्यांनी ती पहिली नोंद स्वतःच्या नावाने करावी.